शनिवार-रविवारचा शेक

बुलढाण्याजवळ धाड नावाच्या गावी आठवडी बाजार भरतो, त्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं आणि त्या घराला बारा महिने रॉकेलचा वास यायचा. पाहुण्या बायका आत शिरताना नाकाला पदर लावत. आम्हाला तो वास कधी आलाच नाही. पुढे मी शिकायला बाहेर पडले, पहिल्या सुट्टीत घरी आले आणि उंबऱ्यातच मला शिंक आली, तेव्हा कळलं की बायका उगीच नखरे करत नव्हत्या. बाबांचा धंदा गॅसबत्त्या भाड्याने देण्याचा. लग्न असो, वरात असो, सप्ताह असो की कुस्त्यांची दंगल, उजेड आमच्या घरून जायचा. गावात वीज आली होती, पण रुसून माहेरी जाणाऱ्या सुनेसारखी तिची सारखी ये-जा. त्यामुळे लग्नघरची माणसं मंडपवाल्याआधी आमच्याकडे येत. पुढच्या खोलीत आडव्या बल्लीला ओळीने बत्त्या टांगलेल्या असत. लग्नसराईत संध्याकाळी त्या एकामागून एक पेटायच्या. आधी स्पिरिटची निळी ज्योत, मग पंपाचा खटक-खटक आवाज, मग भक्कन भडका, आणि तो निवला की सूंऽऽ असा न थांबणारा आवाज. तो आवाज आला की माय म्हणायची, "चला, आतां भाकरी टाकते," कारण बत्त्या गेल्यावरच बाबांना भूक लागायची.

बत्तीच्या आत जी पांढरी जाळी असते तिला आमच्याकडे सगळे मेंटल म्हणत. नवं मेंटल बांधायचं काम मायचं, कारण बाबांची बोटं जाडजूड आणि त्यांना धीर म्हणून नाही. ते पहिल्यांदा पेटलं की सूत जळून जातं, राखेची जाळी तेवढी उरते, आणि ती नुसत्या फुंकरीने तुटते. त्यामुळे माय मेंटल बांधायला बसली की मला शिंकायचीही चोरी. "वं निम्मे, दार लोटून घे, वारा लागते," एवढंच ती बोलायची, तेही ओठ न हलवता. मी एकुलती एक. नाव निर्मला, पण घरात निम्मी. आईला मी मायच म्हणत आले आणि अजूनही लिहिताना दुसरा शब्द हाताला येत नाही.

बाबांची उजेडाबद्दल काही मतं होती आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. पहिलं मत असं, की उजेड धगीतूनच निघतो. चुलीतला निखारा कमी तापलेला म्हणून लाल, मेंटल जास्त तापलेलं म्हणून पांढरं, आणि सूर्य तर विचारायलाच नको. "जेवढं तापन तेवढं पांढरं होईन," ते म्हणत. दुसरं मत असं, की ज्या उजेडाला धग नाही तो उजेड लबाड. एकदा मी काजवा पकडून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो गालाला लावून पाहिला, पुन्हा तळहातावर घेतला, आणि म्हणाले, "थंडा आहे बे हा. फुकट चमकून राह्यला." काजव्याला बे म्हणणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. आज माझ्या खोलीतला दिवा पेटलेला असताना त्याला बिनधास्त बोट लावता येतं, दूध तापवायच्या पेटीत जाळ दिसत नाही, आणि खिशातल्या फोनमधून दिवसभर लहरी निघत असतात त्यांना ना उजेड ना धग. बाबा असते तर त्यांनी या सगळ्यांना एका ओळीत उभं करून लबाड म्हटलं असतं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. पहिलं मत मी मुलांना जसंच्या तसं सांगायची. दुसऱ्या मताने आमच्या घराचं काय केलं ते मी वर्गात कधी सांगितलं नाही.

मी दहावीत होते त्या हिवाळ्यात माय भाकरीचा घास ताकात चुरून खायला लागली. तिच्या हातचा ठेचा म्हणजे गल्लीत नाव होतं. हिरव्या मिरच्या तव्यावर खरपूस भाजायच्या, लसूण आणि मीठ टाकायचं आणि तव्यावरच लोट्याच्या बुडाने रगडायच्या. तो ठेचा ती आम्हाला वाढायची आणि स्वतः मात्र ताकातल्या कण्या खायची. मी विचारलं, "काऊन वं माय, ठेचा काऊन खात नाहीस?" तर म्हणाली, "पोटात जळजळते." जळजळ पोटात नव्हती. गळ्याला, जबड्याच्या खाली, सुपारीएवढी गाठ होती आणि ती पदराने झाकून फिरत होती. बाबांना ती दिसली तेव्हा मोठ्या लिंबाएवढी झाली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि औरंगाबादला जा म्हणाले. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्या रोगाचं नाव कोणी मोठ्याने घेतलं नाही. "शेक द्यावा लागेल," एवढं म्हणाले.

शेक. आपल्याकडे हा शब्द पोर कळतं व्हायच्या आधीपासून कानावर असतो. बाळंतिणीला शेक, बाळाच्या पोटाला शेक, कंबर धरली की विटेचा शेक. त्यामुळे शेक म्हटल्यावर आम्हाला धीरच आला. वाटलं, ऑपरेशन नाही, कापाकापी नाही, नुसता शेक तर द्यायचा आहे! पहिल्या दिवशी बाबा सोबत आले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मायच्या गळ्यावर जांभळ्या शाईने चौकट आखली आणि बाबांना बजावलं, "या खुणा पुसायच्या नाहीत. इथं पाणी नको, साबण नको, तेल नको. आणि शेकात खंड पडता कामा नये. खंड पडला की आजार डोकं वर काढतो." बाबांनी मान हलवली. मशीन चालवणारा माणूस आतल्या दाराशी उभा होता. बाबांनी त्याला विचारलं, "काय देता जी आत?" तो घाईत होता. "लाईट देतो," म्हणाला. बाबांनी लगेच विचारलं, "सनवार-इतवारी?" "त्या दिवशी मशीन बंद." परतीच्या एस.टी.त बाबा भोकरदन येईपर्यंत पुटपुटत होते, "खंड पडू देऊ नका म्हणते अन् दोन दिवस कुलूप लावते. हे कसं काय जमन?"

मग आमचा असा क्रम ठरला, की सोमवार ते शुक्रवार मी आणि माय औरंगाबादच्या धर्मशाळेत राहायचं आणि शुक्रवारी दुपारच्या गाडीने धाडला यायचं. बाबांना लग्नसराईत धंदा सोडता येईना. माझी परीक्षा नुकतीच झाली होती. धर्मशाळेच्या व्हरांड्यात मी स्टोव्हवर पातळ खिचडी शिजवायची, ती माय चमच्याने गिळायची. शेकाची खोली फरशीची, थंडगार. मला दारापर्यंतच जाता यायचं. तिला टेबलावर झोपवत, मान वळवून ठेवत, आणि सगळे भराभर बाहेर येऊन जाड दार लावून घेत. बाहेर आल्यावर ती म्हणायची, "मले तिथं एकटीले टाकून सगळे भाईर पळतात वं. असं काय निंघते त्या मशीनमधून? मले तं काहीच लागत नाही. ना गरम, ना उजेड. नुसती घर्रघर्र."

हेच ती शुक्रवारी बाबांपुढे बोलली आणि बाबा जेवता जेवता थांबले. "गरम नाही?" "नाही." "डोळ्याले उजेड दिसते?" "काहीच नाही दिसत." बाबांनी हात धुतले. त्यांच्या दृष्टीने सगळा उलगडा झाला होता. दवाखान्यातला माणूस म्हणाला होता लाईट, बाई म्हणाल्या होत्या शेक. उजेडाचा शेक. म्हणजे गॅसबत्तीच की! आणि गॅसबत्तीत त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नव्हता. त्यांचं मशीन थंड पडलेलं, वर दोन दिवसांचा खंड. बाबांनी तो खंड भरून काढायचं ठरवलं. आज मला कोणी विचारलं, की तुला तेव्हा काही वावगं वाटलं नाही का, तर नाही, आम्हा तिघांनाही वाटलं नाही. पाणी नको, साबण नको, तेल नको, हे आम्ही देवाच्या नेमासारखं पाळत होतो. पण ज्या दवाखान्यात शेक देतात तिथं शेकू नका असं कोण कशाला सांगेल? आणि त्या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे हे त्या लोकांच्या लक्षात तरी कसं यावं?

शनिवारी भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, आमच्या मधल्या खोलीत गॅसबत्ती पेटली. दार-खिडक्या बंद, कारण मायला डोक्यावरचा पदर काढून बसायचं होतं. बाबांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्याला चौकोनी भोक पाडलं होतं. त्यासाठी त्यांनी गळ्यावरची जांभळी चौकट आधी सुतळीने मोजून घेतली. पत्रा मधे धरला की उजेडाचा चौकोन बरोबर त्या चौकटीत बसायचा, रेघेच्या बाहेर केसभरही नाही. ते स्टुलावर बसून एका हाताने पत्रा धरत आणि दुसऱ्या हाताने मायला पंख्याने वारा घालत. शेक देता देता वाराही घालत! घामाने दोघंही निथळत. "सोसते का?" "सोसते." "जवळ आणू?" "आणा." आणि मग ते बोलत बसत. माझ्या आई-बापांना मी तोवर एका जागी बसून बोलताना पाहिलंच नव्हतं. बत्ती सूं करत असायची आणि बाबा तिला त्यांच्या लग्नातल्या वरातीत बत्ती कशी विझली, कोण कसा नाल्यात पडला, असलं काहीबाही सांगत. ती हसायची. हसताना तिचा गळा दुखायचा, म्हणून तोंडावर हात धरून हसायची. मी पलीकडे कण्या शिजवत ते ऐकायची आणि मला इतकं बरं वाटायचं, की काय सांगू. वाटायचं, माय बरी होणार.

मग त्या चौकटीतली कातडी लाल झाली. दवाखान्याच्या शेकानेही ती थोडी लाल होतेच, हे मला पुढे कळलं. बाबांना मात्र ती पावती वाटली. "पाह्य निम्मे, लागू पडून राह्यलं." पुढच्या आठवड्यात ती काळपट झाली. मग एका रविवारी शेक झाल्यावर तिथं पाणी भरलेले फोड आले, आणि सोमवारी एस.टी.त खिडकीशी बसल्या-बसल्या मायच्या पदराला ओल लागली. ती हूं की चूं न करता पदर बदलून बसली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पदर बाजूला केला आणि त्यांचा चेहराच पडला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "हे आमच्या शेकाचं नाही. हे भाजलंय. कशानं भाजलं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "उन्हात बसली म्या बाई. कुरड्या राखत." बाई म्हणाल्या, "उन्हानं असं चौकोनी भाजतं का?" मायने क्षणाचाही वेळ घेतला नाही. "बाकीच्यावर पदर होता ना." बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहत होते. त्यांनी सांगितलं, की त्या जागेला धग म्हणून लागू द्यायची नव्हती, ऊन नाही, चूल नाही, काही नाही. आता कातडी भरून येईपर्यंत मशीनखाली घेता येणार नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नेमका खंड पडायला नको होता हो." मायला सगळं समजलं. माझ्याआधी समजलं.

बाहेर कडुलिंबाखाली बाकावर आम्ही बसलो. मी रडायला लागले. मी म्हटलं, बाबांना सांगावं लागेल. मायने माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली. तिचा आवाज तोवर अर्धा झाला होता. "बाबाले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाहशीन." मी म्हटलं, "अगं पण त्यांच्यामुळं..." "त्यायच्यामुळं काय? वीस वरसं झाली लग्नाले. माह्याजवळ एवढा वेळ कधी बसले होते का ते? आतां बसले. तेवढं मले राहू दे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यायले समजलं तं ते जित्तेपणी मरतीन. मी तं अशीही मरून राह्यली." मी शपथ घेतली. तोंड तर मला पाहावं लागलंच. शपथेचा एवढाच उपयोग झाला.

त्या शनिवारी बाबांनी नेहमीसारखी बत्ती पुसून ठेवली होती. माय म्हणाली, "आतां बत्ती नोको. डोळ्याले सोसत नाही मले तिचा उजेड." फोडांचं कारण तिने त्यांनाही उन्हाचंच सांगितलं, आणि दवाखान्यातलं मशीन काही दिवस बंद आहे एवढंच. बाबा काकुळतीला आले. "डोळ्यावर फडकं बांधू. थोडेच दिवस राह्यले. खंड पडू देऊ नका म्हणते ना ते." ती नाहीच म्हणाली. ते पुन्हा म्हणाले, तेव्हा ती होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "नोको म्हटलं ना!" माझ्या मायने बाबांवर आवाज चढवला, तो तेवढाच एकदा. बाबा बत्ती उचलून पुढच्या खोलीत गेले. मी जाऊन पाहिलं, तर थंड बत्तीच्या टाकीवर कपाळ टेकून बसले होते.

कातडी भरायला बरेच दिवस गेले. तेवढ्यात गाठ वाढली. मशीन पुन्हा सुरू केलं, पण पुढे तेही बंद केलं आणि घरी न्या म्हणाले. पोळ्याच्या आधी माय गेली. शेवटी तिच्या घशाखाली पाणीही उतरत नव्हतं. तिला ठेच्याचा वास हवा असायचा, म्हणून मी तिच्या उशाशी तवा आणून मिरच्या रगडायची. तिला ठसका लागायचा नाही, मलाच लागायचा. तिचं जाणं मला आजही पचलेलं नाही. मी साठी ओलांडली, ती चाळिशीसुद्धा गाठू शकली नाही, आणि अजून काही चांगलंचुंगलं केलं की मला वाटतं, मायला विचारावं, मीठ बरोबर आहे का.

मी विज्ञान घेऊन शिकले. लोकांना वाटायचं हुशार म्हणून शिकली. खरं म्हणजे त्या थंडगार खोलीत काय निघत होतं, ते मला जाणून घ्यायचं होतं. कळलं. त्या मशीनमधून निघायचा तोही उजेडच, बत्तीतून निघतो त्याच जातीचा, फक्त त्याच्या लहरी इतक्या बारीक की डोळ्याला दिसत नाहीत आणि कातडीला जाणवत नाहीत, कातडीच्या आत खोलवर जातात. बत्तीची धग मात्र कातडीपाशीच थांबते आणि सगळी आग तिथंच काढते. माझी एक विद्यार्थिनी डॉक्टर झाली. तिला मी एकदा सगळं सांगितलं, नावं न घेता. ती म्हणाली, "मॅडम, त्या काळात, त्या अवस्थेत, त्या बाई तशाही वाचल्या नसत्या." तशाही. हा शब्द मी पुष्कळदा मनात घोळवून पाहिला. त्याने मला काही बरं वाटत नाही.

बाबा खूप जगले. बत्त्या भंगारात गेल्या, धंदा मिटला, आणि ते बुलढाण्याला माझ्याकडे राहायला आले. एका सकाळी मी वर्गासाठी लहरींचा तक्ता जमिनीवर पसरून त्याची फाटकी कड चिकटवत होते. बाबा काठी टेकत आले आणि खुर्चीत बसून तक्त्याकडे पाहायला लागले. "हे काय होय वं?" मी सांगितलं, की जगात जे जे तापतं, चमकतं, त्यातून लहरी निघतात. या टोकाला रेडिओच्या, मग धगीच्या, मधे ही रंगीत पट्टी म्हणजे आपल्याला दिसणारा उजेड, आणि त्या टोकाला अगदी बारीक. त्यांना ते आवडलं. "बत्ती कोठी आहे?" मी रंगीत पट्टीवर आणि तिच्या शेजारी बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "अन् तुह्या मायचं मशीन?"

इतक्या वर्षांत त्यांनी त्या मशीनचं नाव काढलं नव्हतं. मी शेवटच्या टोकावर बोट ठेवलं. त्यांनी काठीच्या टोकाने माझ्या एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत हवेत रेघ ओढली. "तू सायन्स शिकली. खरं सांग. थो उजेड अन् हा उजेड, एकच होय का येगयेगळा?"

मायची शपथ आठवली. आणि मला सुचलं, की अरे, इथं खोटं बोलायची गरजच नाही. एवढी वर्षं ज्या उत्तराला भीत होते ते उत्तर बाबांच्या बाजूचं आहे. मी म्हटलं, "एकच बाबा. जात एकच आहे. अगदी एकच."

मला वाटलं, त्यांचा जीव हलका होईल. बाबांनी तक्त्यावरून नजर काढली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मंग म्याच कमी पडलो," ते म्हणाले. "ती नोको म्हणे अन् म्या आयकलं. आयकायले नोको होतं. अजून दोन-चार इतवार देल्ला असता शेक, तं वाचली असती तुही माय."

मी तक्ता गुंडाळायला घेतला. माय तिथं असती तर तिने पापणी लवायच्या आत काहीतरी सांगून त्यांना उठवलं असतं, हात धुवून जेवायला बसवलं असतं. खोटं बोलण्यात ती माझ्यापेक्षा फार हुशार होती.